हाक आणि शांतता



देवळाची घंटा दोन कारणांनी वाजते. पहाटे, मध्यान्ही आणि सायंकाळी देवदूताच्या निरोपाची जी घंटा होते, ती घड्याळाकडे पाहून वाजविली जाते. गावात काही घडो वा न घडो, तिची वेळ ठरलेली असते. दुसरी घंटा घड्याळाला बांधलेली नाही. कोणी देवाघरी गेले, कोठे गवताच्या गंजीला आग लागली, की ती अवेळी होते, आणि ऐकताच माणसे हातचे काम टाकून घराबाहेर येतात. पहिली घंटा वेळेची, दुसरी घटनेची. आज आम्ही ज्या विषयावर चार शब्द लिहावयाचे योजिले आहे तो संगणकाचा आहे. तथापि ह्या दोन घंटांमधील भेद ज्यास कळला त्यास तो निम्मा कळलाच असे समजावे.

आपल्या गावांतील कितीतरी मुले-मुली आज पुणे, बेंगळुरू, हैदराबाद अशा शहरी संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचे काम करितात. सुटीत ती घरी आली म्हणजे आई विचारते, "दिवसभर तू करतोस तरी काय रे?" मुलगा दोन शब्द सांगतो, आई मान डोलावते, आणि बोलणे तेथेच संपते. लेकरू ज्या कामावर पोट भरते ते काम आईबापांस थोडे तरी उमगावे, हा आमचा एक हेतू आहे. दुसरा हेतू शेवटी सांगू.

आज्ञावली म्हणजे यंत्राने काय करावे ह्याची क्रमवार लिहून दिलेली यादी. पुरणपोळीची कृती जशी डाळ शिजविण्यापासून पोळी भाजण्यापर्यंत ओळीने चालते, तशी साधी आज्ञावली पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालते आणि थांबते. परंतु दुसऱ्या एका प्रकारच्या आज्ञावलीस असा आरंभ-शेवट नसतो. "अमुक घडले तर हे कर, तमुक घडले तर ते कर," एवढेच तीत लिहिलेले असते. आणि काही घडेपर्यंत ती स्वस्थ वाट पाहत बसते. हिला आपण घटनाधिष्ठित आज्ञावली म्हणू. मोबाईलच्या पडद्यावर बोट ठेवताच चित्र उघडते, बँकेच्या यंत्राचे बटण दाबताच नोटा बाहेर येतात, हे तिचेच काम होय. पुष्कळांची समजूत अशी की ही पद्धत पडद्यावरील बटणांपुरतीच आहे. वस्तुतः बटणे हा त्या घराचा केवळ दर्शनी ओटा आहे. घर आत फार मोठे आहे.

वाट पाहण्याचेही दोन प्रकार आहेत. मुलाचे पत्र यावयाचे आहे म्हणून जो बाप दर तासाला पोस्टात जाऊन "आले का?" असे विचारतो, त्याचा दिवस फुकट जातो आणि पोस्टमास्तरही त्रासतो. जो आपले शेत नांगरीत राहतो आणि पोस्टमनने हाक मारताच बांधावर येतो, त्याचे शेतही होते आणि पत्रही मिळते. प्रारंभीचे संगणक पहिल्या बापासारखे वागत. पुढे १९५० च्या दशकात अशी सोय निघाली की बाहेरील उपकरणाने खूण करावी, संगणकाने हातचे काम क्षणभर बाजूस ठेवून त्या खुणेची दखल घ्यावी, आणि मग सोडलेल्या ठिकाणापासून काम पुढे चालू करावे. आजच्या प्रत्येक संगणकात ही सोय असते.

आता ह्या घरातील काही दालने पाहू.

पहिले दालन संदेशांचे. एखाद्या खाणावळीत प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक वाढपी उभा ठेविला, आणि गिऱ्हाईक काय मागवावे ह्याचा विचार करीत असताना तो तसाच ताटकळत राहिला, तर शंभर गिऱ्हाइकांस शंभर वाढपी लागतील. शहाणा मालक असे करीत नाही. एकच चपळ वाढपी सर्वत्र नजर ठेवितो. ज्याने हात वर केला त्याच्याकडे जातो, काम उरकतो आणि मोकळा होतो. संगणकांच्या जाळ्यावर गर्दी वाढू लागली तेव्हा हाच प्रश्न आला. एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार गिऱ्हाईक कसे सांभाळावे, हे कोडे अमेरिकेतील डॅन केगेल ह्यांनी १९९९ साली मांडिले. त्याच्या उत्तरांपैकी एक रशियातील इगोर सिसोएव्ह ह्यांनी दिले. त्यांची एंजिन-एक्स नावाची आज्ञावली २००४ साली सर्वांस खुली झाली, आणि ती ह्या एका चपळ वाढप्याच्या रीतीनेच चालते.

त्याही आधी स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत, १९८६ च्या सुमारास, जो आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सहकारी ह्यांनी टेलिफोनच्या केंद्रांसाठी अर्लँग नावाची एक संगणकीय भाषा घडविली. टेलिफोनचे केंद्र म्हणजे तर नुसत्या घटनांचा बाजार: कोणी फोन उचलला, कोणी आकडे फिरविले, कोणी मध्येच ठेवून दिला. ह्या भाषेत प्रत्येक संभाषणासाठी एक लहानसा स्वतंत्र सेवक असतो. तो निरोपाची वाट पाहतो, आणि एक सेवक कोसळला तरी बाकीचे आपले काम करीत राहतात. पुढे व्हॉट्सॲपने आपल्या सेवेसाठी हीच भाषा घेतली. २०१२ च्या आरंभी त्या कंपनीने जाहीर केले की आपल्या एका यंत्राशी एका वेळी वीस लाखांहून अधिक जोडण्या चालू राहिल्या. आखातात कामास असलेल्या लेकीचा "जेवलीस का ग आई?" हा निरोप क्षणार्धात आपल्या अंगणात येतो, त्यामागे असे लक्षावधी अबोल सेवक कान देऊन बसलेले असतात.

दुसरे दालन माणसाच्या छातीत आहे. हृदयाची गती मंदावून मूर्च्छा येणाऱ्या रुग्णांस पेसमेकर बसवितात, हे आपण ऐकिले असेल. आपल्या धर्मग्रामांतही काहींच्या छातीत तो आहे. संपूर्णपणे शरीरात बसविलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील करोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन ह्या ४३ वर्षांच्या गृहस्थांस लाविला गेला. शस्त्रक्रिया डॉक्टर ओके सेनिंग ह्यांनी केली, यंत्र रूने एल्मक्विस्ट ह्यांनी घडविले. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले आणि दुसरे बसवावे लागले. पुढील आयुष्यात त्या गृहस्थांस वीसांहून अधिक यंत्रे बदलावी लागली. परंतु ते २००१ सालापर्यंत जगले. वय ८६ झाले होते.

त्या काळचे पेसमेकर घड्याळाच्या घंटेसारखे होते. हृदय स्वतः नीट चालत असो वा नसो, ते आपले ठरल्या वेळी विजेचा टोला देत. ह्यात धोका होता, कारण हृदयाच्या स्वतःच्या ठोक्यानंतर एक नाजूक क्षण असतो, आणि नेमका त्याच क्षणी बाहेरचा टोला पडला तर हृदयाची लय प्राणघातकपणे बिघडू शकते. १९६० च्या दशकात बारूह बर्कोविट्स ह्या अभियंत्याने निराळ्या जातीचा पेसमेकर सिद्ध केला. तो आधी ऐकतो. समजा, मिनिटास साठ ठोके हवेत. तर यंत्र एक सेकंद वाट पाहते. तेवढ्यात हृदयाने आपला ठोका दिला, तर ते काहीच करीत नाही. पुन्हा नव्याने सेकंद मोजू लागते. सेकंद संपला आणि ठोका आला नाही, तरच ते हलकेच एक टोला देते. आजचे पेसमेकर ह्याच तत्त्वावर चालतात.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. हे यंत्र ज्या घटनेची वाट पाहते ती घटना कोणती? ठोका आला, ही एक. परंतु जिच्यावर प्राण अवलंबून आहे ती दुसरी: ठोका आला नाही. हाक ऐकणे सोपे आहे. न आलेली हाक ऐकावयाची असेल तर घड्याळही लागते आणि कानही लागतो. "एवढ्या वेळात आवाज यावयास हवा होता, आणि तो आला नाही," हे ज्यास कळते तेच यंत्र प्राण वाचविते.

हीच युक्ती अन्यत्रही आहे. आगगाडीच्या इंजिनात चालकावर लक्ष ठेवणारे एक उपकरण असते. सुमारे मिनिटभर चालकाने कोणतीच कळ हलविली नाही, तर दिवा लागतो. तरी तो हलला नाही तर भोंगा होतो. तरीही शांतता राहिली तर ब्रेक आपोआप लागतात. चालकास झोप लागली असेल, भोवळ आली असेल. यंत्रास कारण ठाऊक नसते. त्यास इतकेच ठाऊक असते की ही शांतता नेहमीची नव्हे. संगणकांतही असे पहारेकरी घड्याळ बसवितात. आज्ञावलीने त्यास वरचेवर स्पर्श करून "मी जिवंत आहे" असे कळवावयाचे असते, आणि स्पर्श चुकला की ते घड्याळ सारे यंत्र पुन्हा आरंभापासून चालू करिते.

तिसरे दालन भूकंपाचे. भूकंपात प्रथम एक वेगवान पण सौम्य लाट येते, आणि तिच्यामागून घरे पाडणारी मंद लाट येते. पहिली लाट ही घटना. जपानात किनाऱ्यावरील व इतर ठिकाणची मापनयंत्रे ती टिपतात आणि तत्क्षणी इशारा देतात. तेथील हवामान खात्याने १ ऑक्टोबर २००७ पासून असा इशारा सर्व जनतेस देण्यास आरंभ केला. ११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानात ९.० तीव्रतेचा प्रचंड भूकंप झाला तेव्हा किनाऱ्यावरील यंत्राच्या खुणेने धावत्या शिंकान्सेन गाड्यांची वीज तोडली गेली व ब्रेक लागले. त्या गाड्यांतील एकाही प्रवाशाचा प्राण गेला नाही. अर्थात ह्या विद्येस मर्यादा आहे. इशारा मिळतो तो काही सेकंदांचा, आणि केंद्राच्या अगदी माथ्यावर असलेल्या गावास तेवढाही मिळत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस हजारो माणसे झोपेतच गेली. तेथे जमीन पायाखालीच फाटली होती, आणि अशा ठिकाणी इशाऱ्यापेक्षा पक्के घरच कामास येते. यंत्राची स्तुती करिताना हे विसरू नये.

चौथे दालन सर्वांत दूरचे, चंद्रावरचे. २० जुलै १९६९ रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे २१ तारखेच्या रात्री पावणेदोनच्या सुमारास, नील आर्मस्ट्राँग व बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले. त्यांच्या यानातील संगणकाची बदलती स्मृती केवळ २,०४८ शब्दांची व कायम स्मृती ३६,८६४ शब्दांची होती. आजच्या साध्या मोबाईलपुढे ती कणभरही नाही. उतरताना, अखेरच्या काही मिनिटांत, त्या संगणकाने १२०२ ह्या अंकाची धोक्याची खूण दाखविली, आणि पुढे ती पुन्हा पुन्हा दाखविली. अर्थ असा की कामे फार झाली, जागा उरली नाही. एका रडारच्या जोडणीतील दोषामुळे संगणकावर निरर्थक खुणांचा मारा चालला होता. जणू कोणी खोडसाळ मुले दारावर थापा मारून पळत होती, आणि घरच्या गड्यास प्रत्येक वेळी उठावे लागत होते.

दुसरे यंत्र तेथे गोंधळून बंद पडते. परंतु मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत ज्यांनी ती आज्ञावली रचिली होती, त्यांनी प्रत्येक कामास त्याचा मान आधीच ठरवून दिला होता. हॅल लॅनिंग ह्यांनी त्या व्यवस्थेचा पाया घातला. यानांच्या आज्ञावलीचे काम मार्गरेट हॅमिल्टन ह्यांच्या नेतृत्वाखाली झाले. संगणकाने काय केले? हातातील सर्व कामे खाली ठेविली, क्षणार्धात पुन्हा आरंभ केला, आणि जी कामे सोडून चालणार नव्हती तीच प्रथम उचलली: यान सावरणे, इंजिन सांभाळणे. कमी महत्त्वाची कामे त्याने सोडून दिली. इकडे पृथ्वीवर जॅक गार्मन नावाच्या २४ वर्षांच्या तरुणाने अशा खुणांची यादी आधीच हाताने लिहून ठेविली होती. ती पाहून त्याने सांगितले की भिण्याचे कारण नाही, आणि २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्स ह्यांनी पुढे जाण्याचा निर्णय दिला. यान सुखरूप उतरले.

येथवर यंत्रांचे झाले. आता आमचा दुसरा हेतू.

आपण सारे आज घटनांच्या माऱ्याखाली आहोत. खिशातील मोबाईल दर घटकेस किणकिणतो, आणि आपण दर वेळी उठतो. जेवणाच्या पाटावरून, मुलाच्या अभ्यासापासून, आजारी सासूच्या खाटेपासून, कधी कधी पवित्र मिस्साच्या मध्यावरून आपले मन त्या किणकिणीमागे धावते. यंत्र तरी बरे. त्यास ज्यांनी घडविले त्यांनी कोणते काम सोडावयाचे आणि कोणते कधीही सोडावयाचे नाही हे आधी ठरवून दिले. आपल्या घरात ते कोणी ठरविले आहे? संकट येते तेव्हा ठरवावयास सवड नसते. म्हणून प्रत्येक कुटुंबाने एखाद्या सायंकाळी जपमाळ झाल्यावर चार शब्द बोलून हे ठरवून ठेवावे: आमच्या घरी कोणत्या हाकेस सर्व काही टाकून उठावयाचे, आणि कोणत्या हाकेस उद्या उत्तर दिले तरी चालेल. धन्याची वाट पाहत कंबर कसून, दिवे लावून बसलेल्या चाकरांचा दाखला प्रभूने दिला आहे. ते चाकर दारावरील थाप ओळखत होते. वाऱ्याने हललेल्या प्रत्येक कडीला ते उठत बसले असते तर धनी येईतो थकून झोपी गेले असते.

परंतु आम्हांस अधिक काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आपली गावे हाकेस धावणारी आहेत, हे आम्ही अभिमानाने सांगतो. कोणाकडे मयत झाले, कोणी विहिरीत पडले, तर मध्यरात्री सारा वाडा जमतो. मात्र जो हाकच मारीत नाही त्याचे काय? मुले शहरी गेली, आणि मागे एकटी उरलेली म्हातारी पडली तर ती कोणास हाक मारील? कर्जात बुडालेला गडी लाजेने तोंड लपवितो. तो येऊन सांगणार नाही. शहरात नोकरी गेलेला मुलगा "सर्व ठीक आहे" एवढा निरोप धाडतो, आणि मग महिनामहिना तोही नाही. एखादे कुटुंब रविवारी देवळात दिसेनासे होते, आणि आपण त्यांच्याविषयी बोलतो, त्यांच्याशी बोलत नाही. ह्या सर्वांची हाक म्हणजे त्यांची शांतता. ती ऐकावयास पेसमेकरासारखा कान हवा.

शंभर मेंढरांच्या धन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. हरवलेल्या मेंढराने हाक मारली आणि धनी गेला, असे तीत कोठेही नाही. धन्याने मोजदाद केली असली पाहिजे, आणि एक कमी भरले, म्हणून तो निघाला. नव्याण्णवांचा आवाज कानी असताना एकाची उणीव ज्यास जाणवली, तो आपला मेंढपाळ आहे.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. प्रत्येक वाड्यावर जी घरे एकट्यादुकट्या वृद्धांची किंवा आजाऱ्यांची आहेत, त्यांतील प्रत्येकास शेजारच्या एका घराने आपले मानावे. सकाळी आठपर्यंत दार उघडले नाही, चुलीचा धूर दिसला नाही, सायंकाळी दिवा लागला नाही, तर वाट न पाहता जाऊन कडी वाजवावी. बहुतेक वेळा आत कोणी निवांत झोपलेले असेल आणि दोन शब्द रागानेही बोलेल. बोलू द्यावे; तोही एक ठोकाच आहे, आणि तो आला ह्याबद्दल देवाचे आभार मानून परतावे. तसेच दूर असलेल्या लेकरांसाठी आठवड्यातील एक वेळ ठरवावी. त्या वेळी फोन आला नाही तर रुसून न बसता आपणच करावा, आणि पैशांविषयी नव्हे, प्रथम प्रकृतीविषयी विचारावे.

कोणी म्हणेल, माणसाने यंत्रापासून शिकावे काय? आमचे मत असे की यंत्रात जे चांगले आहे ते माणसानेच विचार करून त्यात घातले आहे. ते परत घेण्यात लाज नाही. शिवाय भेद राहतोच. पेसमेकर हृदयाची वाट पाहतो, पण त्यास त्या हृदयाविषयी माया नाही. इंजिनातील उपकरणास चालकाच्या घरी लेकरे आहेत की नाहीत ह्याचे सुखदुःख नाही. आपण ज्याची वाट पाहतो त्याच्यावर प्रेम करू शकतो, एवढे आपले अधिक आहे. नासरेथच्या कुमारी मरियेने देवदूताचा निरोप ऐकला आणि होकार दिला. तो कळ दाबल्याबरोबर आलेला होकार नव्हता. तिने प्रश्न विचारला, उत्तर ऐकले, आणि मग मोकळ्या मनाने "होय" म्हटले.

तेव्हा उद्या देवदूताच्या निरोपाची घंटा होईल तेव्हा नेहमीप्रमाणे प्रार्थना म्हणावी. आणि ती संपताच क्षणभर मनाशी मोजावे, आपल्यापैकी आज कोणाचा आवाज आला नाही. ज्याचे नाव आठवेल त्याच्या दारी संध्याकाळपर्यंत पोहोचावे.

प्रभू आपणां सर्वांस जागते ठेवो.